फिरती ढाल

त्या वर्षी सीताबर्डीवरच्या वादविवाद स्पर्धेला विषय होता पॅलेस्टाईनचा प्रश्न: कारणं आणि उपाय. स्पर्धेची रीतच अशी की एका कॉलेजच्या दोघींनी विरुद्ध बाजूंनी भांडायचं आणि गुण मात्र एकत्र मोजायचे. प्रेमिलाच्या वाट्याला अरब आले, ताराच्या वाट्याला इस्रायल. महिनाभर दोघी एका डब्यात जेवल्या आणि एकमेकींवर तुटून पडल्या.

प्रेमिला बोलायला उभी राहिली आणि तिचं चित्त उडालं. शेवटच्या रांगेत नबील बसला होता, पॅलेस्टाईनहून नागपूरला इंजिनिअरिंग शिकायला आलेला. मान पुढे काढून तो तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होता. तारा बोलली तेव्हाही तसाच.

"काहून असा पाहून राहिला वं तो?" जागेवर येताच तारा कुजबुजली. "त्याले मराठी तर येत नाही."

"माह्या बोलण्यात काही चुकलं असंल," प्रेमिला पदराचं टोक पिळत म्हणाली.

परीक्षकांनी दोघींची तोंड भरून स्तुती केली. ढाल त्यांनाच मिळाली. टाळ्या ओसरल्या तसा नबील गर्दीतून वाट काढत आला. प्रेमिलानं घाईघाईनं ढाल पुढे केली. "हम जीत गए!"

त्यानं ढालीकडे पाहिलंही नाही. "मराठी समझ नहीं आता," तो म्हणाला. "एक ही नाम सुनने बैठा था. मेरा गाँव का. आया क्या?"

महिनाभर लायब्ररी पालथी घातलेल्या प्रेमिलानं ढाल खाली ठेवली आणि विचारलं, "कौनसा गाँव?"