झोताखालची खुर्ची

चक्रीवादळाने फ्लोरिडातल्या त्या गावाची वीज घालवली, तरी वृद्धाश्रमाचा जनरेटर धडधडत होता. तिथल्या परिचारिकेने, मिर्लांडने, सगळ्या म्हाताऱ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये आणून बसवलं. तिथला एसी नुसता बोचत होता.

"अगं, आम्हाला काय मासळीसारखं बर्फात घालून ठेवणारेस?" स्वेटरवर स्वेटर चढवत कॉर्डेलियाबाई करवादल्या.

"माझ्यावर कशाला ओरडता? वादळात वीज गेली तरी एक खोली गार ठेवायचीच, असा कायदा आहे."

नवीन आलेले वेंडेल आजोबा मात्र अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात थेट एसीच्या झोताखाली बसले होते. त्यांचे दात वाजत होते. मिर्लांड त्यांची खुर्ची हलवायला गेली, तर त्यांनी पाय रोवले.

"बसू दे गं, पोरी."

"अहो, किती काकडताय! आजारी पडलात तर तुमची लेक मला फाडून खाईल."

"माझी बायको नोरीन अशाच एका वादळात गेली, दुसऱ्या आश्रमात. वीज नाही, जनरेटर नाही. उकाड्याने तडफडत होती. सारखी म्हणायची, वेंडेल, जरा वारा घाल. मासिकाने घालत राहिलो, पण त्याने काय होतंय? तिच्यासारखे बरेच गेले, तेव्हा कुठे हा तुझा कायदा आला." त्यांनी झोताकडे तोंड केलं. "तिच्या वाटणीचा वारा खातोय."

मिर्लांडने खुर्चीवरचा हात काढून घेतला.

कॉर्डेलियाबाई उठल्या. वरचा स्वेटर काढून त्यांनी आजोबांच्या खांद्यावर टाकला.

"खा मग पोटभर," त्या म्हणाल्या.