चौथी स्थळपाहणी

टेप तिसऱ्यांदा ताणली गेली. एक टोक इंजिनिअरच्या हातात, दुसरं खुद्द नगराध्यक्षांच्या. मागं मंडईची भिंत, पुढं बटाट्याच्या पोत्यांचा ट्रक आणि डोक्यावर भर दुपारचं ऊन.

"बघा, जागा सरळसरळ तुमच्या हद्दीत येते," मिशीवाले नगरसेवक म्हणाले.

"माझ्या? अहो, डोळे तपासून घ्या!" गॉगलवाले नगरसेवक उसळले. "भिंत तुमची, भिंतीची सावली तुमची, आणि जागा तेवढी माझी होय?"

भांडण होतं बायकांच्या स्वच्छतागृहावरून. मंडईत चाळीस भाजीवाल्या पहाटे सहापासून रात्री आठपर्यंत बसायच्या आणि त्यांच्यासाठी साधा आडोसाही नव्हता. तो व्हायलाच हवा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सभेत बाकं वाजवून ठराव झाला होता. फक्त तो दुसऱ्याच्या वॉर्डात व्हावा, एवढंच ज्याचं त्याचं म्हणणं. शाळेजवळ नको, तिथं शाळा आहे. बागेजवळ नको, तिथं लोक हवा खायला येतात. नगरपालिकेच्या मागं तर मुळीच नको, तिकडं नगराध्यक्षांची खिडकी उघडते. असं करत करत तीन स्थळपाहण्या झाल्या आणि चार वर्षं गेली. दर वेळी मंडळी जीपमधून यायची, पाच मिनिटं नाकाला रुमाल लावून उभी राहायची आणि अहवालात लिहायची, 'जागा योग्य, तथापि अन्यत्र शोधावी.' त्या 'तथापि'नं सगळं वाटोळं केलं होतं.

आज मात्र शेवटचा दिवस होता. पाच वाजेपर्यंत सहीनिशी जागा कळवली नाही, तर मंजुरीच रद्द. हे कांदेवाल्या मावशींना पक्कं ठाऊक होतं, कारण अर्ज त्यांचा होता आणि चार वर्षं नगरपालिकेत खेटेही त्याच घालत होत्या. त्यांच्या सुनेचं मूत्रपिंड सुजून ती दोनदा दवाखान्यात पडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर मंडई सोडावी लागेल. मंडई सोडून खाणार काय?

पण मावशी भांडणात पडल्या नाहीत. हसतमुखानं पुढं झाल्या.

"बोलून बोलून घसा सुकला असेल साहेब. आधी पाणी घ्या."

माठातलं गार पाणी आलं. दोन-दोन ग्लास झाले. मग लिंबूवालीनं सरबत केलं. नाही कसं म्हणायचं? मग कलिंगडवालीनं ताटभर लालभडक फोडी आणल्या. नगराध्यक्ष अगदी विरघळले.

"याला म्हणतात गरिबाची माया," ते फोड चोखत म्हणाले. "चार वर्षं आपण यांना ताटकळत ठेवलं, पण मनात राग म्हणून नाही!"

टेप चौथ्यांदा ताणली गेली. मावशींनी चहा मागवला.

तीन वाजता मिशीवाले या पायावरून त्या पायावर होऊ लागले. गॉगलवाल्यांचे मुद्दे एकाएकी आखूड झाले. नगराध्यक्षांनी जीपकडं पाहिलं, तर तिच्यापुढं बटाट्याचा ट्रक आडवा. ट्रक मावशींच्या भाच्याचा. भाचा जेवायला गेला होता आणि आज नेमका घास बत्तीस वेळा चावून खात होता.

भिंतीमागं जावं म्हटलं, तर भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलेलं, 'येथे लघवी करणाऱ्यास दंड. आदेशावरून, नगराध्यक्ष.' आणि त्या पाटीखालीच वर्तमानपत्राचा फोटोग्राफर कॅमेरा मांडीवर घेऊन कलिंगड खात बसलेला.

"मावशी," नगराध्यक्ष हळूच म्हणाले, "इथं जवळपास कुठं... म्हणजे जरा..."

"काय साहेब?"

"हात धुवायचे होते."

"हात व्हय? या की, मी घालते पाणी!"

मावशींनी तांब्या उंच धरून बारीक, लांब धार सोडली. ती बघून मिशीवाल्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"इंजिनिअर!" नगराध्यक्ष ओरडले. "लिहा! जागा हीच!"

"पण साहेब, वॉर्ड कुठला घालू?"

"दोन्ही घाला!" दोघे नगरसेवक एका सुरात म्हणाले. एवढं एकमत त्यांचं जन्मात झालं नव्हतं.

ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्याउभ्या सह्या झाल्या. 'तथापि' लिहायला कुणाला दम नव्हता. सह्यांची शाई वाळायच्या आत भाचा मिशा पुसत हजर झाला आणि ट्रक हलला.

मिशीवाले आणि गॉगलवाले एकमेकांना ढकलत जीपमध्ये घुसले. नगराध्यक्षांचा एक पाय पायरीवर होता, तरी ते थांबले. थांबणं जिवावर आलं होतं, पण दोन तासांत आपली ही गत झालेली बघून त्यांना राहवलं नाही.

"मावशी, एक सांगा. पहाटेपासून रात्रीपर्यंत, एवढी वर्षं, तुम्ही चाळीस जणी काय करत होतात हो?"

मावशी उष्टे ग्लास गोळा करत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"पाणी पीत नव्हतो साहेब."