दुसरा पेपर

"दुसरा पेपर? दुसरा कुठला, काकू? आमचा एकच होता की!"

शेजारची पिंकी हसत बोलून गेली. तिला औरादची बस गाठायची होती. पिशवी खांद्याला अडकवून ती गल्लीच्या तोंडाशी पोचलीसुद्धा. राजश्री मात्र अंगणात हातातला झाडू तसाच धरून उभी राहिली. ओसरीवर तिची सासू चांगुणाबाई तूर पाखडत बसली होती. तिनंच पिंकीला सहज दुसऱ्या पेपरचं विचारलं होतं. आता तिचं सूप हलायचं थांबलं होतं.

पिंकी आणि राजश्री, दोघींनी बीदरला जाऊन शिक्षकाच्या परीक्षेचा पेपर दिला होता. त्याला महिना उलटून गेला. अभ्यासाच्या दिवसांत चांगुणाबाईनं पहाटेचं सगळं काम स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. चूल पेटवायची, पाणी तापवायचं, शेतावर जाणाऱ्या ज्ञानोबांच्या आणि गवंडीकामाला जाणाऱ्या राजपालच्या भाकरी थापायच्या. "पेपर होईपतुर मी बघते," ती नवऱ्याला आणि लेकाला म्हणाली होती. पेपर झाला. दुसऱ्या दिवशी चूल राजश्रीकडं परत यायची होती. पण राजश्री म्हणाली, "आत्याबाई, अजून दुसरा पेपर ऱ्हायलाय."

आपण खोटं का बोललो, हे तिला धड सांगता आलं नसतं. तिचं माहेर उदगीरकडचं, शाळा सगळी मराठीत. कन्नड ती शिकली परीक्षेच्या धाकानं. आधी सगळी अक्षरं सारखीच गोल दिसायची. मग एका पहाटे आतल्या खोलीत हळू आवाजात अख्खं पान न अडखळता वाचून झालं, आणि ती दिव्यापाशी एकटीच हसली. चुलीपाशी बसलेली सासू सोडली तर घर झोपलेलं होतं. पोराची हाक नव्हती, कुणाचा डबा नव्हता. तेवढा वेळ ती कुणाची सून नव्हती, कुणाची बायको नव्हती. पेपर संपला म्हणून ते सोडायचं, हे तिच्यानं झालं नाही. आता ती पंचायतीच्या वाचनालयातून आणलेलं कन्नड गोष्टींचं पुस्तक वाचत होती. परीक्षेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

चांगुणाबाईनं सूप खाली ठेवलं.

"माझ्याशी खोटं बोलायलीस व्हय?"

"आत्याबाई, मी..."

"थंडीनं गुडघे धरायलेत माझे," एवढंच म्हणून ती घरात गेली.

त्यानंतर दिवसभर ती सुनेशी एक अक्षर बोलली नाही. राजश्रीला भीती वाटली ती त्याचीच. ओरडली असती तर निभावलं असतं. राजपाल आधीच कुरकुरत होता. त्याला कळलं असतं तर पुस्तक माळ्यावर गेलं असतं आणि वर गावभर बोभाटा झाला असता. राजश्रीनं कामाचा नुसता धडाका लावला. गोधड्या धुतल्या, पाणी भरलं, अंगण सारवलं. सासूनं तोंड उघडलं की ही हातातलं काम सोडून बघायची. पण सासू म्हैशीवर ओरडून गप्प बसायची.

संध्याकाळी माणसं जेवायला बसली. राजपालनं भाकर मोडता मोडता विचारलंच, "तुझा दुसरा पेपर हाय तरी कवा? आई दमायलीय."

ज्ञानोबांनीही मान वर केली. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपणच सांगावं, राजश्रीनं ठरवलं. हातातलं भांडं खाली ठेवलं.

"त्या पेपरचं असं हाय..."

"लांब हाय," चांगुणाबाई मधेच बोलली. आवाज खणखणीत. "तुला भाकर मिळायलीय ना येळेवर? मग गुमान जेव."

राजपालनं पुढचा घास घेतला. राजश्री मात्र जास्तच घाबरली. सासूनं आपल्याला सोडवलं की अडकवून ठेवलं, काही कळेना. उद्या कुठल्याही भांडणात हे बाहेर निघालं असतं. त्यापेक्षा पहाट आपणच परत करावी, तिनं मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी ती सासूच्या आधी उठली. पुस्तकाकडं तिनं बघितलंही नाही. चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. बाहेर कोंबडा आरवला. रोज याच वेळी ती पान उघडायची. तिचे हात पिठात तसेच थांबले.

मागं पावलं वाजली. डोक्यावरून शाल घेतलेली चांगुणाबाई दारात उभी होती.

"ऊठ तिथनं."

"आत्याबाई, चुकलं माझं. आजपासून भाकरी मीच..."

"ऊठ म्हणलं ना!"

तिनं परात ओढून घेतली आणि चुलीपुढं बसकण मारली. राजश्री भिंतीला लागून उभी राहिली. चांगुणाबाई पीठ मळू लागली. मग सुनेकडं न बघताच ती म्हणाली, "खोटं बोललीस त्याचा राग हाय मला. तो ऱ्हाईल. पर माझं माहेर हुमनाबादकडलं. सगळा गाव कन्नड बोलायचा. मला एक अक्षर वाचता येत न्हाई, पर कानाला सगळं कळतंय."

राजश्रीला काहीच उमजेना.

"तू आत वाचतीस, मी हितं भाकरी थापत ऐकते. रोज." तिनं पिठाचा गोळा तळहातावर घेतला. "लई हळू वाचतीस तू. जा, पुस्तक घेऊन हितं चुलीपाशी बस. त्या म्हातारीनं शेवटी बैल विकला का न्हाई, ते काल मला ऐकूच आलं न्हाई."