सुट्टीची आंघोळ

पूर्णा गावातल्या गोदामात ललिता दिवसभर लॅव्हेंडर तेलाच्या बाटल्या भरायची. बाटलीवर लिहिलेलं असायचं, 'गाढ झोपेसाठी'. तो वास तिच्या केसांत, नखांत इतका मुरला होता की घरी आल्यावर तिला स्वतःचाच वैताग यायचा.

रविवारी सुट्टी मिळाली. आज तरी पोरीला आईचा वास मिळू दे, म्हणून तिनं शिकेकाईनं केस धुतले, अंग लाल होईस्तोवर घासलं, धुतलेला गाऊन घातला आणि आठ महिन्यांच्या लेकीला कुशीत घेतलं.

पोर रडायलाच लागली. दूध घेईना, खांद्यावर राहीना, झोळीत टिकेना. सारखी ललिताच्या गळ्यात नाक खुपसायची आणि पुन्हा टाहो फोडायची.

"आत्याबाई, हिला दृष्ट लागली का हो?"

"दृष्ट न्हाय, काय न्हाय," म्हणत सासूनं खुंटीवरची ललिताची कालची ड्युटीची ओढणी काढली आणि झोळीत पोरीजवळ ठेवली. पोरीनं ती मुठीत धरली, नाकाशी घेतली. हुंदके थांबले. डोळे मिटले.

ललिता तिला उचलायला पुढे झाली.

"ऱ्हाऊ दे," सासू हळूच म्हणाली. "आईजवळ निजलीय ती."