सॅन डिएगोत एक आठवडा

“अमेरिकेला कशाला जाताय?” सदानंदने चष्मा नाकाच्या टोकावर आणून साहेबी आवाजात विचारलं.

“समुद्र पाहायला,” मंदा कणीक मळता मळता म्हणाली.

“समुद्र कुवेतमध्येही आहे.”

“तो पाहून झाला.”

“अगं, असं उलट बोलायचं नाही! सरळ सांगायचं. फिरायला चाललोय, सॅन डिएगो, एक आठवडा, हॉटेलात उतरणार. बाळाचं नाव काढायचं नाही.”

त्यांची धाकटी मुलगी अस्मिता सॅन डिएगोला होती आणि पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण होतं. दोघांची व्हिसाची मुलाखत चार दिवसांवर आली होती. कुवेतमधल्या त्यांच्या फरवानिया वस्तीतल्या तमाम मराठी मंडळींनी एकच सल्ला दिला होता, बाळाचं बोलायचं नाही. बाळ म्हटलं की साहेबाला वाटतं ही बाई कामाला चालली आणि मग व्हिसा विसरा. हे कुणी कुठे वाचलं होतं देव जाणे, पण सगळ्यांना ते तोंडपाठ होतं.

बेत साधा होता. दोघांनी जायचं. सदानंदने आठवडाभर हिंडून परत यायचं, मंदाने तीन महिने राहायचं. सदानंद जवळच्याच राई या कारखान्यांच्या भागातल्या एका फर्निचर कंपनीचे हिशेब बघायचा. कंपनीने यंदा त्याला बजावलं होतं, साचलेली तीन महिन्यांची रजा घ्या, नाहीतर बुडेल. त्यामुळे अमेरिकेहून आल्यावर घरी मनसोक्त लोळायचं, क्रिकेट बघायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मंदाने या बेताला नावं ठेवली नाहीत. तिकिटांचं काम मात्र तिने स्वतःकडे घेतलं. खालच्या झहूरभाईंच्या ट्रॅव्हल एजन्सीत तीच जाऊन आली. सदानंदला तेवढीच उसंत.

त्याला घोर एकाच गोष्टीचा होता. मंदाला खोटं पचत नसे. भिशीला न जायचं साधं निमित्तही तिला धड सांगता येत नसे. काचेपलीकडे साहेब बसल्यावर ही गडबडली तर लेक परदेशात एकटी पडेल, या विचाराने त्याची झोप उडाली होती. म्हणून रोज तालीम.

मोठीच्या वेळी हा प्रश्न आला नव्हता. अंतरा टोरांटोला. तिच्या दोन्ही बाळंतपणांना मंदा गेली, दुपटी धुतली, मेथीचे लाडू वळले, आणि नायगारा न बघताच परत आली. मैत्रिणींनी विचारलं की म्हणायची, “बघितला ना, अंतराच्या फ्रिजवर चिकटवलेला.” सगळ्या हसायच्या. सदानंदही हसायचा.

या खेपेला तयारी जोरात होती. मंदाचा खांदा दुखत होता म्हणून डिंक तळायला सदानंद उभा राहिला. पहिला घाणा करपला, दुसरा जमला. संध्याकाळी शेजारच्या मुक्ताचं तान्हं रडायला लागलं की मंदा म्हणायची, “अहो, घ्या जरा त्याला, तिला पोळ्या करू देत.” सदानंद त्याला खांद्यावर टाकून व्हरांड्यात फेऱ्या मारायचा. पोर झोपी जायचं.

“तुमचा हात चांगला आहे हो,” मंदा कौतुकाने म्हणायची आणि तो फुलून जायचा.

मुलाखतीच्या दिवशी मोबाइल गाडीत ठेवून दोघं वकिलातीत शिरली. काचेपलीकडचा अधिकारी तरुण होता. सदानंदने पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हटलं. फिरायला, एक आठवडा, दोघंही. मग अधिकारी मंदाकडे वळला.

“तिथे काय बघणार तुम्ही?”

“सील,” मंदा म्हणाली. “खडकावर दिवसभर उन्हात पडून असतात म्हणे. त्यांना कुणी उठवत नाही.”

अधिकारी हसला. “तिथे कुणी नातेवाईक?”

“मुलगी आहे. तिला बाळ होणार आहे.”

सदानंदने मंदाच्या पदराला हलकेच ओढ दिली. तिने पदर सोडवून घेतला.

“म्हणजे बाळाचं करायला जाताय?”

“नाही. मोठीची दोन बाळंतपणं केली मी. खूप प्रेमाने केली. पण दोन्ही वेळा गावात काय होतं ते मला दिसलं नाही. या वेळी बाळाचा एक पापा घेईन आणि समुद्रावर जाईन. हॉटेल घेतलंय. आठवड्याने परत.”

तिचा आवाज कुठेही अडखळला नाही. अधिकारी म्हणाला, “मजा करा.” व्हिसा मंजूर झाला.

गाडीत बसल्यावर सदानंदला आनंद मावेना. सिग्नलला थांबला तेव्हाही तो स्टिअरिंगवर ताल धरत होता.

“काय बोललीस गं! मी तर संपलोच होतो. इतकं सराईत खोटं तुला जमेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.”

मंदा खिडकीबाहेर बघत होती. उजवीकडे समुद्र लखलखत होता. खूप वर्षांनी तिला अगदी हलकं वाटत होतं.

“अस्मिताशी बोलून ठेवलंय मी,” ती म्हणाली. “आधी रुसली, मग खूप हसली. म्हणाली, ‘आई, तू फिर. डिंकाचे लाडू काय, बाबांच्या हातचेही चालतील.’”

“म्हणजे?” सदानंदने ताल थांबवला.

“म्हणजे मी एक शब्दही खोटा बोलले नाही. झहूरभाईंनी माझं परतीचं तिकीट आठवड्यानंतरचं धरलंय. तीन महिन्यांनंतरचं आहे ते तुमचं.”