न्हाणीचं पाणी

मुंजाजी मुकादम सहज बोलून गेला. साखर कारखान्याच्या ट्रकमध्ये भांड्यांचं पोतं चढवताना तो म्हणाला, "छबुबाई, औंदा घरी आराम करा. सूनबाई सोता येऊन सांगून गेलती, आमच्या आत्याबाईला टोळीत धरू नका म्हणून."

छबुबाईच्या हातात कळशी होती, ती तिनं खाली ठेवली. दसऱ्यापासून तिला वाटत होतं, मुकादमानंच तिला वगळलं. तिच्या पोरानं, भारतनं, तसंच सांगितलं होतं. लग्न होऊन पाटोद्याजवळच्या या गावात आल्यापासून तिनं एकही हिवाळा इथं काढला नव्हता. दिवाळीच्या आधी ट्रकमध्ये बसायचं आणि ऊस संपला की परतायचं, एवढंच तिला माहीत होतं.

ती घराला वळसा घालून मागच्या अंगाला गेली.

मागं न्हाणीच्या मोरीपासून सुनेनं, शिवकन्येनं, वाफे ओढले होते. पावसानं आषाढातच पाठ फिरवली होती, गावाला टँकर येत होता. घरातल्या तिघांच्या आंघोळीचं पाणी मोरीतून या वाफ्यांत उतरायचं. तेवढ्यावर वाल, वांगी आणि दोडका तगून होते. नवी मेथी नुकतीच टाकली होती. शिवकन्या उकिडवी बसून वांग्याच्या बुडाशी बाजरीचं वाळलेलं सरमड पसरत होती.

"आत्याबाई, वांग्याचे शेंडे छाटलेत," ती वर न बघता म्हणाली. "वाळलं म्हणून उपटू नका, खालून फुटतेत. वालावर मावा पडला तर चुलीची राख उडवा, सकाळी दव हाय तवरच. मेथीला मातर पानी सोडू नका, हातानं शिंपडा. न्हाईतर बी वाहून जातंय."

"मुंजाजीला तूच सांगितलंस."

शिवकन्येचा हात थांबला. "व्हय."

"कावून?"

"मागल्या साली उसाची मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवर चढल्या व्हत्या तुमी. खाली उतरल्या आन् गाडीच्या चाकाला धरून बसल्या. तोंड पांढरं पडलंवतं. ह्यांनी बघितलं न्हाई. मी बघितलं."

"मला इचारायचं."

"इचारलं असतं तर तुमी आल्या असत्या."

छबुबाईनं वाफ्यांकडं बोट केलं. "आन् हे? मला गुतवून ठेवायला?"

"थोडं त्यासाठी बी," शिवकन्या म्हणाली. "पर भाजी बी पायजेच की."

छबुबाई खाली बसली. सुनेच्या बाजूचं खुरपं तिनं उचललं आणि दोडक्याचा वेल बुडातून कापला.

"आवो, अजून दोन-चार लागले असते."

"जून झालाय. नुस्तं पानी पितोय," छबुबाई म्हणाली. वेल ओढताना तिनं एक मोठा दोडका तेवढा बियाला काढून घेतला.

पुढून ट्रकचा हॉर्न वाजला. शिवकन्येनं हात पदराला पुसले आणि वाकून सासूच्या पाया पडली. छबुबाई वेल गोळा करत राहिली. शिवकन्या कोपऱ्यापर्यंत गेली तेव्हा ती म्हणाली, "फळीवर चप्पल घालून चढू नको. घसरतीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाईनं आंघोळ केली आणि ओल्या केसांनी मागं येऊन उभी राहिली. मोरीतून पाणी आलं. पहिला वाफा भिजला, वांग्याच्या दोन झाडांपर्यंत ओल गेली आणि तिथंच थांबली. वालाच्या बुडाची माती तशीच कोरडी राहिली. प्यायच्या घागरीतलं तांब्याभर तिनं मेथीवर शिंपडलं, पण तसं रोज करता येणार नव्हतं. आठवडा सरला तशी वालाची पानं दुपारची मान टाकायला लागली.

शेजारी कडूबाई राहायची. तिचा पोरगा म्हाळू मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, उतरला होता, सूनही बरोबर गेली होती. कडूबाई अंगणातल्या दगडावर बसून आंघोळ करायची. पाणी तिथंच मुरमात जिरायचं. छबुबाई जाऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"उद्यापासून आंघोळीला माझ्याकडं येत जा."

"कावून? तुज्याकडं लई पानी हाय व्हय?"

"पानी तुजं तू आन. न्हाणी माझी."

कडूबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं. "आन् भाजी?"

"आली तर खाऊ दोघी."

कडूबाई आली. दोन दिवसांनी ती येताना भिवराबाईला घेऊन आली. भिवराबाईचं अख्खं घर मुंजाजीच्याच ट्रकमध्ये गेलं होतं. तिच्या कडेवर घागर आणि हातात साबणाची वडी होती.

"साबण न्हाई लावायचा," छबुबाई दारातच म्हणाली. "मेथीला सोसत न्हाई."

"मंग अंगाला काय लावू?"

"डाळीचं पीठ लाव. न्हाईतर तशीच न्हा."

भिवराबाई कुरकुरली, पण परत गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती पिठाची वाटी घेऊन आली. न्हाणीत एक, बाहेर दगडावर दोघी, असा सकाळचा क्रम बसला. बाहेर बसलेल्या दोघी वालावरचा मावा बघायच्या आणि आतलीला घाई करायच्या. पाणी वालाच्या बुडापर्यंत पोचायला लागलं.

दिवाळीच्या सकाळी शिवकन्येचा फोन आला. फोनमधून ऊस तोडल्याचा आवाज येत होता. फोन कानाशी धरायला छबुबाईचा हात मोकळा नव्हता. कडूबाईनं तो तिच्या कानाला लावला.

"आत्याबाई, मेथी उगवली का?"

"उगवली. एकदा खुडली बी."

"तुमी बऱ्या हायत ना? एकटं वाटत न्हाई ना?"

"मागून लाव बाई फोन," छबुबाई म्हणाली. "भिवराबाईची पाठ वजरीनं घासायलेय. पानी निवून चाललंय तिचं."