उघडी पानं

ब्रिजच्या डावात वकीलसाहेबांची भिडू त्यांची बायकोच. पण हल्ली समोरच्या डॉक्टरांनी बोली लावली रे लावली, की ही झेपत नसतानाही त्यावर बोली चढवायची आणि हमखास हरायची. बोली तिची, म्हणून खेळणार ती. वकीलसाहेबांनी नियमाप्रमाणे आपली पानं टेबलावर उघडी मांडायची आणि मुकाट बसायचं. त्यात डॉक्टर तिच्याकडे बघून हळूच मान हलवायचे. पाणी कुठंतरी मुरत होतं.

घरी पोचताच, बूटही न काढता, त्यांनी उलटतपासणी सुरू केली. "डॉक्टरला सामील आहेस तू! मुद्दाम हरतेस."

"हो, मुद्दामच," ती म्हणाली. "पानं उघडी मांडली की तुम्हाला काही लक्षात ठेवावं लागत नाही."

"मला शिकवतेस? अख्ख्या क्लबात माझ्याइतकी पानं कुणाच्या लक्षात राहतात?"

ती त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकली.

 

 

"अगं, सोडतेस काय? घट्ट बांध," वकीलसाहेब म्हणाले. "डॉक्टर खोळंबले असतील. खेळायला जायचंय ना?"